पीकसंरक्षणासाठी हलकी, परवडणारी, सर्व कामांना चालणारी बंदूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तूर फुलावर आली, हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं आणि रोही (नीलगाय) वावरात उतरतात आणि गावोगाव तीच चौकशी सुरू होते: कोणती बंदूक घ्यावी? मेळघाटाच्या पायथ्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यापर्यंत जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत.

शिकारीसाठी रायफल घ्यायची आहे. कोणती चांगली?

शिकारीसाठी म्हणून कोणतीच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार शिकार बंद आहे, आणि या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. फासे लावणं, विष घालणं, जखमी करणं, नुसता प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. 2022 च्या दुरुस्तीनंतर साधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी आहे. वाघ, बिबट, अस्वल, मोर हे अनुसूची 1 मधले, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या यादीतले. त्यांच्यासाठी कैद तीन ते सात वर्षं.

शेतकऱ्याला कायदेशीर वाट आहे ती पीकसंरक्षणाची, आणि तिला दोन वेगळे कागद लागतात. एक शस्त्र परवाना, दुसरी वनखात्याची लेखी परवानगी. एक हातात असला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. खालचं सगळं हे दोन्ही कागद घेणाऱ्यासाठी आहे.

वनखात्याची परवानगी कशासाठी, बंदुकीचा परवाना असताना?

परवाना तुम्हाला बंदूक बाळगू देतो. जनावरावर ती चालवायची की नाही, हे वन्यजीव कायदा ठरवतो. रानडुक्कर आणि रोही आता अनुसूची 2 मध्ये आहेत. कलम 11 प्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. महाराष्ट्रात या दोन जनावरांसाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. अर्जात गट क्रमांक, पीक, नुकसान कधी आणि किती, हे स्पष्ट लिहा. पायाचे ठसे आणि उकरलेल्या तासांचे फोटो जोडा.

परवानगीवर जनावर, ठिकाण, मुदत आणि अटी लिहिलेल्या असतात. त्या रांगेने वाचा. गट नंबर 112 ची परवानगी शेजारच्या 113 मध्ये चालत नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तर ती मुळीच लागू नाही.

मेलेलं जनावर शासनाचं असतं. मांस, सुळे, शिंगं यांतलं काहीही घरी आणायचं नाही. वनरक्षकाला तत्काळ कळवायचं आणि पंचनाम्याची वाट पाहायची. मांसाच्या वाट्यापायी चांगले शेतकरी गुन्ह्यात अडकतात, ही गोष्ट मनाला लागते.

पीकसंरक्षणाच्या परवान्यावर रायफल मिळते का?

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक सांगितली आहे, जिला आपल्याकडे भरमार म्हणतात. भरमार पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. तिची नळी किमान 20 इंच हवी. गुळगुळीत म्हणजे आतून आटे (पिळदार खाचा) नसलेली. रायफलीच्या नळीत आटे असतात, त्यामुळे ती या वाटेत बसत नाही.

ज्यांच्याकडे वेगळ्या कारणासाठी .315 किंवा .30-06 रायफलीचा परवाना आधीच आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. .303 आणि 7.62 मिलिमीटरसारखे लष्करी मापाचे बोअर प्रतिबंधित आहेत. ते कोणी ‘जुगाड करून देतो’ म्हणालं तर तिथून उठून या.

कायद्याचं सोडा. पल्ला जास्त म्हणून रायफलच बरी नाही का?

आपल्या जमिनीत नाही, आणि हे आम्ही ठामपणे सांगतो. .315 ची गोळी दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. वर्ध्याची किंवा यवतमाळची काळी सपाट जमीन डोळ्यांपुढे आणा: पऱ्हाटी, तूर, मधे धुऱ्यावर (बांधावर) चार बाभळी, आणि एकाआड एका वावरात कोणीतरी जागलीला बसलेलं. चुकलेली गोळी अडवायला ना टेकडी, ना भिंत. जनावराच्या पलीकडे काय आहे हे अंधारात दिसत नाही, आणि गोळी तूर-पऱ्हाटीने थांबत नाही.

12 बोअरच्या छर्ऱ्याचा कामाचा पल्ला 30-35 मीटर. तोसुद्धा निरुपद्रवी समजू नका: एलजी या जाड छर्ऱ्याचा दाणा साधारण साडेचार ग्रॅमचा, 9 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि आभाळाच्या रोखाने सुटला तर अर्ध्या किलोमीटरपलीकडे जातो. पण रायफलीच्या तुलनेत तो लवकर दम सोडतो. वावरातल्या बंदुकीचा मोठा गुण म्हणजे तिचा मारा कुठे थांबतो, हा. किती लांब पोचतो, हे नंतर.

मग सर्व कामांना चालेल अशी एकच बंदूक कोणती?

12 बोअर, एकनळी किंवा दुनळी, 70 मिलिमीटर चेंबरची (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा). काडतुसं सगळीकडे 12 बोअरचीच मिळतात, दुरुस्ती करणारा सापडतो, सुटे भाग मिळतात.

12 बोअर हे नाव जुन्या इंग्रजी मोजणीतून आलं. एक पौंड शिशाच्या 12 सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड तेवढी नळी, म्हणजे साधारण 18.5 मिलिमीटर. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते. 16 बोअर 12 पेक्षा बारीक, 20 त्याहून बारीक. 16 आणि 20 बोअर वजनाने हलक्या मिळतात, पण तालुक्याच्या ठिकाणी त्यांची काडतुसं शोधत फिरावं लागतं. हलकेपणाचा फायदा त्यातच संपतो.

एकनळी की दुनळी?

पैसा कमी असेल तर एकनळी. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत हलकी (साधारण पावणेतीन किलो), भाग कमी म्हणून बिघाड कमी. मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की रिकामी आहे की नाही हे एका नजरेत दिसतं. काडतूस मात्र एकच.

दुनळी तीन-सव्वातीन किलोची, किंमत जास्त, पण दुसरं काडतूस हाताशी असतं. जखमी डुक्कर अंगावर येतं तेव्हा त्याची किंमत कळते. दुनळीत बाजूबाजूच्या नळ्या आणि वर-खाली नळ्या असे दोन प्रकार असतात. कामात फारसा फरक नाही. पंप ॲक्शन (पुढची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस चढवायची) बंदूक जड, महाग, आणि धुळीने तिचा सरकता भाग घासतो. उन्हाळ्यात बंडीवाटेवरची भुकटी आत गेली की तिला उघडून पुसल्याशिवाय गत्यंतर नसतं. जागलीच्या कामाला आम्ही ती सुचवत नाही.

जितकी हलकी तितकी चांगली ना?

खांद्यावर वाहून नेताना हो, चालवताना नाही. बंदूक हलकी तितका धक्का मोठा. बंदूक बनवणाऱ्यांचा जुना हिशोब आहे: छर्ऱ्याच्या वजनाच्या 96 पट बंदुकीचं वजन असावं. 28 ग्रॅम छर्ऱ्याचं काडतूस असेल तर सुमारे 2.7 किलो, 32 ग्रॅमला सुमारे 3.1 किलो, 36 ग्रॅमला साडेतीन किलोच्या जवळ.

अडीच किलोच्या एकनळीत 36 ग्रॅमचं जड काडतूस घातलं की खांदा निळा पडतो. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी माणूस धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. नेम इथे जातो, आणि लोक दोष बंदुकीला देतात. हलकी बंदूक घेतली असेल तर काडतूसही हलकं घ्या, आणि दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाला, रबरी पॅड बसवून घ्या.

बंदूक अंगाला बसते की नाही, हे दुकानात कसं पाहायचं?

आधी ती मोडून नळी रिकामी आहे हे स्वतः पाहा. दुकानदाराने पाहिलं असलं तरी.

कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या वाकणात टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात आलं पाहिजे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बहुधा 14 ते साडेचौदा इंच असते. बुटक्या माणसाला साडेतेरा लागते. लांब दस्ता काखेत अडकतो, आखूड असला तर अंगठा नाकावर बसतो. हिवाळी जागलीला घोंगडी किंवा जाड स्वेटर अंगात असतो, म्हणून तो घालूनच मापून पाहा. अर्धा इंच सहज खातो.

मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नजर नळीवरून सरळ पुढच्या, नेम धरायच्या मण्यावर गेली पाहिजे. नळीचा माथा पसरलेला दिसला तर मारा वर जाईल. मणीच दिसला नाही तर खाली.

जुनी बंदूक घेताना काय काय तपासायचं?

स्वस्तात मिळते म्हणून बहुतेक जण इकडेच वळतात आणि फसतातही इथेच. म्हणून सविस्तर.

नळी काढून उजेडाकडे धरा आणि आतून पाहा. उजेडाची वर्तुळं एकसारखी दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ दबलेलं असेल तर तिथे बाहेरून ठोका बसलाय; फुगलेलं असेल तर नळी एकदा फुटता फुटता वाचली आहे. फुगलेली नळी कोणत्याही भावात घेऊ नका. बारीक काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. ते तोंडाकडे थोडे असले तर चालतं, चेंबरच्या जवळ नकोत, कारण दाब तिथेच सगळ्यांत जास्त असतो.

दुनळी असेल तर नळ्यांचा जोड बोटावर अधांतरी लटकवून नखाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला पाहिजे. फुटक्या मडक्यासारखा ‘थद्द’ आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा झाळ सुटलेला आहे.

बंदूक जोडून, बंद करून दस्ता आणि नळी विरुद्ध दिशेला हलवा. खुळखुळ नको. नळी आणि मागच्या तोंडाच्या मधून उजेड दिसला तर बंदूक बंद धरणारं कुलूप झिजलंय.

दस्ता मनगटाजवळ, म्हणजे मुठीत येतो तिथे, बारीक केला असतो. चीर पडते ती तिथेच. बरेचदा ती पॉलिशखाली लपवलेली असते; ओल्या फडक्याने पुसा, चिरेत पाणी काळं दिसतं.

चाप: घोडा (काडतुसावर ठोका देणारा भाग) चढवून, नळी वर करून चापाला दीड किलोचं वजन टांगा. सुटता कामा नये. सुटला तर धक्क्यानेही सुटेल.

उघड्या घोड्याच्या फार जुन्या बंदुकीत घोडा पाडल्यावर तो थेट काडतूस पेटवणाऱ्या पिनेवर टेकून राहतो. अशी बंदूक हातातून पडली, घोड्यावर आपटली, तर काडतूस उडतं. घोडा पडल्यावर स्वतःहून किंचित मागे येणारी रचनाच घ्या.

नळीवर नदीच्या लाटांसारखी किंवा सागवानाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंडाच्या पट्ट्या पिळून बनवलेली दमास्कस नळी आहे. ती काळ्या दारूच्या काळातली. आजचं काडतूस तिच्यात घालू नका. आजोबांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर निकामी करून घ्या, तीसुद्धा रीतसर परवानगीने.

चेंबर 65 चं असेल आणि काडतूस 70 चं, तर? आत तर बसतं.

बसतं, म्हणूनच धोका. काडतुसावर लिहिलेले 70 मिलिमीटर हे ते उडून तोंड उघडल्यानंतरचं माप आहे. न उडालेलं काडतूस दुमडलेलं असल्याने आखूड असतं आणि 65 च्या चेंबरमध्ये सहज जातं. उडाल्यावर मात्र त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही. पुढच्या अरुंद गळ्यात ते दाबलं जातं आणि दाब धोक्याच्या पलीकडे चढतो. नळीच्या खालच्या बाजूला किंवा सपाट भागावर 65, 70 किंवा इंचात 2½, 2¾ असं कोरलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर कारागिराकडून मोजून घ्या.

याच्याही पुढचा धोका 20 बोअरच्या काडतुसाचा. ते 12 च्या नळीत घरंगळून पुढे जाऊन अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, माणूस मागून 12 चं घालतो, आणि नळी हाताजवळ फुटते. दोन मापांची काडतुसं एका घरात ठेवू नका.

कोणता छर्रा घ्यायचा?

रानडुकराला एलजी किंवा एसजी. इंग्रजी मापात एलजीचे साधारण 6 दाणे 28 ग्रॅममध्ये बसतात, एसजीचे 8. चार नंबर, सहा नंबर हे बारीक छर्रे डुकराच्या कातडीत आणि चरबीत अडकतात. ते मरत नाही, सडत सडत आठ दिवस हिंडतं आणि चिडलेलं असतं. रोही डुकरापेक्षा कितीतरी मोठं जनावर, मोठा नर दोनशे किलोंच्या वर जातो. त्याच्यावर 12 बोअर वापरायची तर अंतर 25 मीटरच्या आत हवं. नाहीतर हात आवरा.

नळीच्या तोंडाची चोक म्हणजे छर्रे आवळून सोडणारी अरुंदता. मोठ्या दाण्यांना कमी आवळणारी इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड बरी. जास्त आवळणाऱ्या फुल चोकमधून मोठे दाणे एकमेकांवर घासून वेडेवाकडे पसरतात, आणि एकसंध गोळीचं काडतूस फुल चोकमधून कधीच उडवू नये. आपल्या बंदुकीचा पसारा कसा आहे ते मान्यताप्राप्त शूटिंग रेंजवर 30 मीटरवर पूर्ण उघडलेलं वर्तमानपत्र लावून पाहा. एलजीचे सगळे दाणे कागदावर आले तर 30 मीटर तुमचा पल्ला. दोन बाहेर गेले तर 25 वर या. वावरात ‘टेस्ट’ करू नका.

मचाणावरून की जमिनीवरून?

मचाणावरून. तीन मीटर उंचीवरून 30 मीटरवरच्या डुकराकडे नेम धरला की मारा खालच्या दिशेने जातो आणि चुकला तरी काळ्या मातीत रुततो. धुऱ्याआड बसून तीच बंदूक धरली तर मारा जमिनीला जवळपास समांतर जातो, म्हणजे पुढच्या वावरात. आधी दिवसा मचाणावर बसून कोणत्या दिशेला कोणाची झोपडी, विहीर, पायवाट आहे ते पाहा, आणि त्या दिशा बंद समजा.

मचाणावर चढताना बंदूक हातात नको. रिकामी, मोडलेली बंदूक दोरीला बांधून खाली ठेवा, वर बसा, मग ओढा. काडतूस वर गेल्यावरच भरा.

अंधारात डोळे चमकले. चालवू का?

नाही. डोळे गाईचेही चमकतात, बिबट्याचेही. तुरीत खसखस झाली तर तिथे वाकलेला माणूसही असू शकतो. रोह्याची मादी पिंगट असते. संध्याकाळी चरणारी गाय समजायला वेळ लागत नाही, आणि उलटही होतं. ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर यांच्या आसपास वाघ डुकराच्या मागावर त्याच वावरात येतो. आख्खं जनावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, टॉर्चच्या उजेडात ओळखल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये. तोवर ते चापाबाहेर, कडीवर सरळ ठेवा.

चाप ओढला, पण आवाज झाला नाही. आता?

नळी जमिनीच्या सुरक्षित दिशेला धरून 30 सेकंद थांबा. काही काडतुसं उशिरा पेटतात. मग मोडून काढा.

नेहमीच्या धडाक्याऐवजी ‘फुस्स’ झालं तर जास्त सावध व्हा. छर्रे किंवा त्यामागचा बोळा नळीत अडकलेला असू शकतो. दुसरं काडतूस घालण्याआधी नळीतून आरपार पाहा. धुऱ्यावर घसरून बंदुकीचं तोंड मातीत घुसलं तरी तसंच: काळ्या चिखलाचा लिंबाएवढा बोळाही नळी फोडायला पुरेसा असतो.

घोडा चढवलाय आणि आता चालवायचं नाही, अशा वेळी घामेजल्या अंगठ्याने तो हळूच उतरवायला जाऊ नका. आधी बंदूक मोडा, काडतूस काढा, मग उतरवा.

पावसाळ्यात गंज का चढतो? तेल तर लावतो.

कोणतं तेल, ते पाहा. खोबरेल थिजतं. जवसाचं तेल हवेत वाळून लाखेसारखं चिकट होतं, आणि चाप-घोड्याच्या आत गेलं तर सगळं जाम करतं. तेच जवसाचं तेल लाकडी दस्त्याला मात्र उत्तम. कोरड्या फडक्याने दोन थेंब चोळा. लोखंडाला बंदुकीचं किंवा शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही पुसट.

चालवल्यावर त्याच दिवशी: पितळी ब्रश दहा वेळा आरपार, मग कोरडी फलालीन, मग तेलाची फलालीन. फलालीन पांढरी येईपर्यंत.

रेक्झिनच्या किंवा कापडी खोळीत पावसाळाभर ठेवू नका. खोळ ओल धरते. युरियाच्या पोत्यात तर अजिबात नको. युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि पोत्याला चिकटलेली भुकटी महिन्याभरात लोखंड खाते. कुलूपबंद लोखंडी कपाटात, मोडून, तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात मुरत नाही.

काडतुसं वेगळ्या कुलपात, चुलीपासून आणि तापणाऱ्या टिनाच्या छपरापासून दूर. कागदी काडतूस भिजलं की फुगतं आणि चेंबरमध्ये अडकतं. वाळवून वापरू नका. पितळी बुडावर हिरवट थर चढलेली काडतुसंही बाजूला काढा आणि विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करा.

परवान्यासाठी कुठे जायचं?

जिल्ह्यात जिल्हाधिकारी, नागपूर आणि अमरावती शहरात पोलिस आयुक्त. अर्ज ऑनलाइन. वय 21 पूर्ण हवं. ओळख-पत्ता, सातबारा, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि मग पोलिस चौकशी. नुकसानीचे जुने पंचनामे जोडले तर गरज सिद्ध व्हायला मदत होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आणि एका माणसाला दोनच शस्त्रं. परवाना आला की मगच बंदूक पाहायला जा; विसार आधी देऊ नका.

मुलगा जागलीला जातो. माझी बंदूक त्याला चालेल?

परवान्यावर ज्याचं नाव, त्यालाच. मुलाचं नाव परवान्यावर रीतसर चढवलेलं नसेल तर दोघांवरही गुन्हा होतो. आणि लग्नात, पोळ्यात हवेत बार काढू नका. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे.

एअरगन घेतली तर परवाना लागत नाही ना?

4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला लागत नाही. पण तिने डुक्कर हटत नाही, फक्त जखमी होतं, आणि वन्यजीव जखमी करणं म्हणजे शिकारच. प्लास्टिक पाइपची कार्बाइड बंदूक आवाजासाठी वापरणाऱ्यांनी डोळे सांभाळावेत. न पेटलेल्या पाइपात डोकावताना ती तोंडावर पेटते.

बंदूक न घेता भागेल का?

दोन-चार एकराला बहुतेक वेळा भागतं. झटका मशीनचं सौर कुंपण सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका देतं, त्याने जनावर पळतं, मरत नाही. डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून एक वीतभर, दुसरी गुडघ्याला. रोह्यासाठी वर आणखी तीन. तारेखालचं गवत कापत राहा, नाहीतर करंट गवतातून जमिनीत उतरतो आणि लोक मशीन खराब म्हणतात. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

खांबावरची लाइन थेट तारेत सोडू नका. त्या तारेने वाघ मेलेत आणि शेजारचे शेतकरीही. पहाटे पाणी द्यायला आलेल्या माणसाला तार दिसत नाही.

नुकसान झालंच, तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज करा आणि पंचनामा होईपर्यंत वखर फिरवू नका.